आमच्या गल्लीचं साल उशिरा संपलं

ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय आणि ज्यांचं पोट आवाजावर चालतं, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. शिक्षक, कंडक्टर, बाजारात बसून भाजी विकणाऱ्या बाया, कुणीही. गळ्यातल्या गाठीची सगळी माहिती मोबाईलवर मिळते. मलाही मिळाली, आणि तिनं माझी झोप घालवली. मोबाईलवर जे मिळत नाही तेवढंच इथं सांगते.

मी सुनीता. माहेर जळकोटकडचं, सासर बेंबळी. आई-वडील वीटभट्टीवर राबले. माहेर आणि सासर मिळून दोन्ही घरांतली पहिली पदवी माझी. बी.ए., बी.एड. हे मी कुठंही गेले तरी सांगते. मिरवते म्हणा हवं तर. भट्टीच्या धुरात बसून पाठ केलेल्या कविता आहेत त्या, फुकट मिळालेल्या नाहीत. धाराशिवच्या एका खासगी शाळेत मी मराठी शिकवते. बेंबळीहून रोज वडापच्या जीपनं जाते, वडापनंच येते.

आणि मी गाते. कुठं? आमच्या गल्लीत.

सालाचं गाणं

माझे सासरे, अप्पा, तरुणपणापासून गायन पार्टीत होते. पेटी वाजवायचे आणि गायचे. पार्टी मोडली, पेटी राहिली. मग एकतीस डिसेंबरला गल्लीतली पोरं धाब्यावर जायला लागली, तेव्हा अप्पांनी विहारात एक प्रथा सुरू केली. संध्याकाळी वंदना झाली की सगळ्यांनी थांबायचं आणि सालाचं गाणं म्हणायचं. लांबलचक गाणं. प्रत्येक घराचं एक कडवं. त्या घरात सरत्या वर्षात काय बरं झालं, तेवढं त्यात सांगायचं.

नियम एकच. आपल्या घराचं आपण सांगायचं नाही, शेजाऱ्यानं सांगायचं. शेजारी अप्पांकडे येऊन साध्या बोलण्यात सांगतो, अप्पा ते चालीत बसवतात. ध्रुपद दरवर्षी तेच:

*सरलं साल, उरली माणसं, मोजून घ्या गं अंगणी,*
*कुणाच्या घरी काय बरं झालं, सांगा गं शेजारणी.*

कडवी मात्र दरसाल नवी. एका वर्षीचं मला अजून पाठ आहे:

*कचरूनानाची म्हैस हरवली, तीन गावं पालथी,*
*सापडली ती रेडकासंगं, आली घरला चालती.*

आणि ज्या घरात माणूस गेलं, तिथंही बरं काही शोधावंच लागतं. ते शेजाऱ्याचं काम. सखूबाईंच्या घराचं त्यांच्या शेजारणीनं दिलं होतं:

*सखूबाईचा धनी गेला, रितं झालं घर,*
*चारी लेकी धावून आल्या, भरला तिचा पदर.*

सखूबाई त्या दिवशी रडल्या आणि तिथंच बसून चहाही प्यायल्या.

लग्न होऊन आले त्या वर्षी भांडी घासताना मी गुणगुणत होते. अप्पांनी ऐकलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "सून पेटीवर बसवतो औंदा." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या म्हणाल्या, "बसवा. भांडी तुम्ही घासा." तेव्हापासून गाण्याची पुढची ओळ माझी, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पट्टी अप्पांची, काळी चार. चढी पट्टी. अप्पांच्या मते गाणं चढ्या पट्टीतच उभं राहतं, उतरवलं की झोपतं. गल्लीतल्या निम्म्या माणसांचा आवाज तिथवर पोचायचाच नाही. ती नुसत्या टाळ्या वाजवायची. आत्याबाई तर टाळ्याही वाजवायच्या नाहीत. "मला न्हाय जमत तुमचं ते आभाळातलं," म्हणायच्या आणि मागं भिंतीला टेकून बसायच्या.

मान

गाण्याचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवर काढला होता. पुढं पावसाळ्यात एकदा मिलिंद, माझा नवरा, तो बघत बसला होता. तो वायरमन आहे, बारीक बघायची सवय. त्यानं व्हिडिओ मध्येच थांबवला.

"सुनी, तुझी मान बघ."

"का, लांब दिसतीय?"

"चेष्टा नको. तू वरचा सूर लावलास की इथं काहीतरी वर येतंय."

मी आरशासमोर जाऊन गिळून बघितलं. खरंच होतं. सुपारीएवढं. माझ्याच गळ्यात इतके दिवस राहत होतं आणि मला पत्ता नव्हता.

धाराशिवला सोनोग्राफी झाली, मग सोलापूरला सुईची तपासणी. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर मॅडमनी पाकीट समोर ठेवून विचारलं, "सोबत कोण आलंय? त्यांना आत बोलवा."

मी म्हणाले, "नवरा आलाय, पण त्याला बाहेरच बसू द्या. खांबावर चढतो, पण दवाखान्याच्या वासानं त्याला चक्कर येते. मी बी.ए., बी.एड. आहे. मला सांगा."

त्यांनी एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि सांगितलं. सरळ, मराठीत, घाई न करता. थायरॉईडचा कॅन्सर. वेळेत सापडलाय. ऑपरेशन करावं लागेल, नंतर आयोडिनचं औषध. बहुतेक माणसं यातून चांगली बरी होतात. मी मान हलवत होते. "कॅन्सर" या शब्दानंतरचं मला नुसतं ओठ हलल्यासारखं दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "गाठ आवाजाच्या नसेजवळ आहे. आम्ही जपूनच करू, पण आवाजावर परिणाम होऊ शकतो."

ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

"गाता येईल का?"

"तुम्ही गायिका आहात?"

"नाही हो. आमच्या गल्लीत गाते."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत्ता मी वचन देणार नाही." त्या दिवशी मला त्यांचा राग आला. नंतर कळलं की खोटं न बोलणारा डॉक्टर मिळाला होता.

बाहेर मिलिंदला सांगितलं. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, परत दिली, परत घेतली. स्टँडसमोर मी दोन प्लेट पुरीभाजी मागवली. तो म्हणाला, "तू खातीस?" मी म्हणाले, "ऑपरेशन गळ्याचं आहे. त्याआधी गिळून घेते." तो हसायला गेला आणि त्याला रडू आलं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाटलं भाजी तिखट आहे. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

घरात

घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न अप्पांनी विचारला. "आवाजाचं काय म्हणाले?"

आत्याबाई परातीतून पिठाचे हात काढून उभ्या राहिल्या. "पोरगी जगायचं बघा आधी! आवाजाचं काय घेऊन बसलाव?"

पण तुम्हाला सांगते, त्या घरात माझ्या मनातलं फक्त त्यांनीच विचारलं होतं. आवाज गेला तर शाळा जाते, आणि शाळा गेली तर बी.एड.चं सर्टिफिकेट भिंतीवर लटकवायच्या कामाचं. जगणं आणि आवाज माझ्या हिशेबी वेगवेगळं नव्हतंच.

लोक भेटायला आले. काहींनी गळ्याकडं बघितलं, काहींनी गळ्याकडं अजिबात न बघण्याची इतकी काळजी घेतली की तेच जास्त टोचलं. शेजारच्या शांताकाकू मात्र आल्या नाहीत. त्याला कारण होतं. त्यांच्या न्हाणीचं पाणी आमच्या दारावरून जातं. त्यावरून आत्याबाईंचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. बंद म्हणजे थेट बंद. दोघी आपापल्या कोंबड्यांशी बोलायच्या आणि ऐकवायच्या एकमेकींना.

"कुठं चाललीस गं, पाण्यात पाय घालू नको, लोकांची घाण हाय ती," इति आत्याबाई, कोंबडीला.

"तू इकडंच दाणे टिप, तिकडं जाऊ नको, तिकडं माणसं टोचत्यात," इति शांताकाकू, त्यांच्या कोंबडीला.

त्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. कोंबडीलाच म्हणत होत्या, पण हळू. "गप बस आज. शेजारी दुखणं आलंय."

वॉर्ड

ऑपरेशनचं वर्णन करत नाही, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा मिलिंद समोर होता. मी "आर्या?" असं विचारलं. आर्या आमची मुलगी, दुसरीत आहे. तोंडातून नुसती हवा आली. टायरमधून जाते तशी. परत विचारलं. परत हवा.

तो म्हणाला, "आर्या बरी आहे. तू बोलू नको." त्याला ओठांवरून कळलं होतं. मी डोळे मिटून घेतले. कारण उघडे ठेवले असते तर त्याला माझी भीती दिसली असती.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. नस गाठीला चिकटली होती. सोडवली, तुटली नाही, पण दुखावलीय. काही महिने लागतील. आवाज येईल, पण अगदी पहिल्यासारखा येईलच असं नाही. मी पाटीवर लिहिलं, "किती महिने?" त्यांनी माझ्याच पेन्सिलीनं खाली लिहिलं, "घाई नको." मास्तरणीला गृहपाठ मिळाला.

वॉर्डचा दिवस ठरलेला. पहाटे रक्त, मग चहा, मग फरशी पुसणारी मावशी. मग बोटांना मुंग्या येतात का हे विचारणारी नर्स. त्या मुंग्या म्हणजे कॅल्शियम कमी झाल्याची खूण. आल्या की घाबरायचं नाही, लगेच सांगायचं. एवढं एक वैद्यकीय ज्ञान माझ्याकडून घ्या. शेजारच्या कॉटवर अक्कलकोटकडची एक बाई होती, कानडी बोलणारी. तिला मराठी थोडं, मला कानडी शून्य, आणि आता मला मराठीही नाही. आमची मैत्री झटकन झाली. ती दिवसभर बोलायची, मी दिवसभर मान हलवायची. मान हलवताना टाके ओढायचे, म्हणून पुढं मी नुसत्या भुवया हलवायला लागले.

एक सकाळ लक्षात आहे. मावशीनं फरशी पुसून झाल्यावर न विचारता माझे केस विंचरले. मान जराही न हलवता, एकेक बट सोडवत. म्हणाली, "गळ्याच्या ऑपरेशनवाल्या बायांचे केस कुणी विंचरत न्हाय बगा, भेत्यात." किती दिवसांनी कुणीतरी मला न भिता हात लावला होता.

आत्याबाई माझ्याजवळ दवाखान्यात होत्या, तेवढे दिवस आर्याला कोण बघणार हा प्रश्नच होता. आम्ही परत आलो तर पोरीच्या दोन घट्ट वेण्या घातलेल्या आणि पोट भरलेलं. "काकूंनी घातल्या," आर्या म्हणाली. आत्याबाईंनी वेण्या उलटसुलट करून बघितल्या. मग आमच्या कोंबडीला म्हणाल्या, "बरी घालत्यात हो वेणी लोकं."

पाण्यातले बुडबुडे

शाळेत परत गेले तेव्हा आवाज घोगरा, फाटका, दोन वाक्यांत संपणारा. टाळी वाजवून वर्ग गप्प करायचा, फळ्यावर लिहायचं. पोरं शहाणी होती. मी कुजबुजले की तीही कुजबुजायची, त्यामुळं आमचा वर्ग शाळेतला सगळ्यात शांत वर्ग झाला. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, "बाई, सध्या ग्रंथालय बघा. जूनला विचार करू." वाईट माणूस नाहीत. पण "विचार करू" हे शब्द घेऊन मी वडापमध्ये बसले तेव्हा बेंबळी येईपर्यंत कोणकोणती गावं गेली ते मला दिसलं नाही.

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई सोलापूरला भेटल्या. त्यांनी एक नळी दिली. पाण्याच्या ग्लासात नळीचं टोक बुडवायचं आणि "ऊ" म्हणत फुंकायचं. बुडबुडे आले पाहिजेत आणि सूरही. रोज, थोडं थोडं, जोर न लावता. मी करायची, शेजारी बसून आर्याही करायची. आत्याबाई म्हणायच्या, "दोन म्हशी पाणी पित्यात घरात."

अप्पांना मात्र धीर नव्हता. ते रोज सकाळी पेटी घेऊन बसायचे आणि काळी चार धरायचे. "लाव. थोडा लाव. चढंल."

मी लावायची. घशात काच फुटल्यासारखं व्हायचं. ताईंनी तपासून विचारलं, "कुणी जोर लावायला सांगतंय का?" मी अप्पांचं नाव घेतलं नाही. पण घरी आल्यावर म्हणाले, "अप्पा, मला खालच्या पट्टीत देता का?"

"सूर उतरवला की गाणं पडतंय, बाई. म्या उभ्या जन्मात उतरवला न्हाय."

"मग मी गाणार नाही."

"नगं गाऊ!"

एवढ्यावरून घरात दोन दिवस अबोला. तुमच्याही घरी होईल. आजारी माणसावर चिडायचं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि आजारावर चिडता येत नाही. मग ती चीड कुठंतरी निघतेच. आमच्याकडं ती पेटीवर निघाली. पेटीवर फडकं पडलं.

बिनमिठाचे दिवस

आयोडिनचं औषध घ्यायच्या आधी काही आठवडे थायरॉईडची गोळी बंद करतात. साधं मीठही बंद, त्यात आयोडिन असतं म्हणून, आणि दूध बंद. त्या दिवसांबद्दल आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. माणूस फुगतं, थंडी वाजते, डोकं चिखलात चालल्यासारखं चालतं. "फडताळ" हा शब्द मला अर्धा तास आठवला नाही. मराठीच्या बाईला! मी घाबरले, वाटलं हेही गेलं. गेलं नव्हतं. गोळी सुरू झाली की सगळं परत येतं. तेवढे दिवस स्वतःला मूर्ख समजू नका.

आत्याबाईंनी ठरवलं की सगळं घर बिनमिठाचं खाणार. पहिल्या दिवशी सगळे गंभीरपणे जेवले. दुसऱ्या दिवशी मिलिंदच्या खिशात खारे शेंगदाणे सापडले.

"लाज न्हाय का रं?" आत्याबाई ओरडल्या.

"आये, खांबावर चढायचं असतंय मला. मीठ नको व्हय अंगात?"

मी हसले. हसण्याला आवाज होता. खालचा, भरड, पण होता. सगळ्यांनी ऐकलं आणि कुणीच काही बोललं नाही. घाबरून उडून जाईल असं वाटलं असावं.

औषधाची तारीख पुण्याची मिळाली, ती नेमकी वर्षाच्या शेवटची. अप्पा म्हणाले, "गाणं बंद ठेवू औंदा." मी म्हणाले, "एका माणसापायी गल्लीचं साल अडवू नका." ते फडकं टाकलेल्या पेटीकडं बघत राहिले.

आणि मला एक वेगळीच काळजी लागली होती, कुणाला न सांगितलेली. आमच्या घराचं कडवं शांताकाकूंनी द्यायचं होतं. यंदा त्या काय देणार? ज्या घरात माणूस गेलं त्या घराला देतात तसं काहीतरी? आत्याबाईंनाही तीच शंका होती, वेगळ्या शब्दांत. "ती काय सांगणार? गटारीचं सांगील."

बंद खोली

ते औषध घेतल्यावर आपल्या अंगातून काही दिवस किरणं निघतात, म्हणून एकटीला ठेवतात. जाड दार, एक खिडकी, एक कॉट. जेवण दाराबाहेर ठेवतात, आपण उचलायचं. नर्स भिंतीवरच्या स्पीकरमधून बोलते. "मॅडम, पाणी पिताय ना?" पितेय. "लिंबू चघळताय ना?" चघळतेय. मला वाटलं होतं मी घाबरेन. खरं सांगते, पहिला दिवस मी नुसती झोपले. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडून कुणालाच काही नको होतं.

एकतीस तारखेला दिवस मावळताना मिलिंदचा फोन आला. "विहारात आहे. फोन खिडकीत ठेवतोय, ऐक."

वंदना ऐकू आली. मग पेटी. अप्पांनी फडकं काढलं होतं. काळी चारच. सरलं साल, उरली माणसं. मी कॉटवर मांडी घालून बसले. त्यांचा आवाज वरच्या सुराला गेला आणि फाटला. खोकले. परत लावला, परत फाटला. इतकी वर्षं तो सूर माझ्या आवाजाखाली झाकलेला होता. मला पहिल्यांदाच कळलं की तो केव्हाच म्हातारा झालाय. तरी ते एकेक घर घेत पुढं सरकत होते. भागाबाईंचं आलं:

*भागाबाईची नात शिकली, सही करती झाली,*
*आजीच्या अंगठ्याची शाई वाळूनशान गेली.*

लोक हसले, टाळ्या वाजल्या. त्यानंतर कचरूनाना, त्यानंतर शांताकाकूंचं घर. त्यांच्या घरानंतर आमचं. मी फोन कानाला घट्ट धरला.

पेटी थांबली.

मला वाटलं रेंज गेली. पण कुणीतरी खोकत होतं, एक लहान मूल बोलत होतं. रेंज होती. कडवंच नव्हतं. आमचं घर वगळलं. काकूंना आमच्या घरात यंदा बरं काही सापडलंच नाही. म्हणजे गल्लीनं मनातल्या मनात मला—

"हॅलो!" कानठळ्या बसवणारा आवाज. शांताकाकूंनी फोन हातात घेतला होता. त्यांना फोन म्हणजे विहिरीत ओरडल्यासारखं वाटतं. "सुनीता, ऐकतीस का?"

"ऐकतेय, काकू."

"तुझ्या घराची ओळ म्या दिली न्हाय. तुझा सासरा लई मागं लागला. म्या म्हनलं, न्हाय देत."

"का काकू?"

"का म्हंजे? घरातलं माणूस घरात न्हाय, आन् घराचं बरं झालं म्हणू व्हय? खोटं गाऊ? तू ये आधी. डोळ्यानं बघते, मग देते. तवर गाणं बंद. शेवटचं ध्रुपद म्हणू दिलं न्हाय म्या कुणाला."

मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "काकू, मग नवीन साल कसं लागायचं?"

"लागू दे की तुमच्या कॅलेंडरात! आपल्या गल्लीत न्हाय लागलं अजून!"

मला हसू आलं, रडू आलं, दोन्ही. स्पीकरमधून नर्स म्हणाली, "मॅडम, काही त्रास होतोय का?" मी म्हणाले, "नाही. आमच्याकडं साल थांबवलंय."

पट्टी

परत आले तरी आर्यापासून काही दिवस लांब राहायचं होतं. मी पुढच्या खोलीत. ती उंबऱ्याबाहेर बसून वही उंच धरून दाखवायची. "आई, इथं बरोबर आहे का?" मी लांबूनच चुका काढायची. ओरडून. एकदा सहज "वेलांटी दुसरी!" असं ओरडले आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. माझी वेलांटी पार अंगणापर्यंत ऐकू गेली होती.

ती बंदी संपली त्या दिवशी संध्याकाळी काकू दारात. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं आणि थेट म्हणाल्या, "आलीस? ये. पाण्याचं बोलायचं हाय आपल्याला." काकू म्हणाल्या, "बोलू की. आधी गाणं, मग भांडण." ते भांडण अजून मिटलेलं नाही. फक्त कोंबड्या सुटल्या.

काकूंनी मला हनुवटीला धरून उजेडात नेलं. गळ्यावरची खूण बघितली, डोळे बघितले. मग अप्पांच्या कानात काहीतरी सांगितलं. अप्पा तिथंच ओट्यावर बसून पुटपुटत, बोटं मोजत चालीत बसवत राहिले. सगळी गल्ली विहारात आली. जानेवारी कधीच लागला होता. कुणाच्या अंगावर शाल, कुणी थेट रानातून आलेलं.

अप्पांनी पेटी ओढली आणि बोट काळी चारवर ठेवलं. मग उचललं. खाली आणलं. काळी एक.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला बी झेपना झालंय आता वरचं. तुझ्या नावावर म्हाताऱ्याची सोय करून घेतो." आणि कागद माझ्यापुढं सरकवला. "ओळ तुझ्या घराची हाय, पर सांगितलीय शेजारणीनं. गायला हरकत न्हाय."

मी पाणी प्यायले. गळ्यात काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. सुरुवात केली.

*अप्पाच्या दारी दुखणं आलं, बसलं पाय पसरून,*
*सून म्हणाली, ऊठ पाव्हण्या, आले मी परतून.*

पहिली ओळ निभावली. आवाज जुना नव्हता. त्यात खरखर होती, जाडी होती, एखाद्या अनोळखी बाईचा वाटला. पण त्याच्या खाली जमीन होती. दुसऱ्या ओळीत "ऊठ"वर सूर जरा वर जातो. तिथं तो फाटला. मी थांबणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "ऊठ पाव्हण्या!" आणि लगेच सगळीकडून. कचरूनाना, सखूबाई, मिलिंद, पोरं. ज्यांनी आजवर नुसत्या टाळ्या वाजवल्या ती सगळी माणसं गात होती, कारण या पट्टीत सगळ्यांचा आवाज पोचत होता. आणि तो पहिला आवाज, मी वळून बघितलं, भिंतीला टेकलेल्या आत्याबाईंचा होता.

अप्पा पेटी वाजवता वाजवता थबकले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला गाताना ऐकलं नव्हतं.

"गाती की गं तू!"

"तुम्ही कधी खाली उतरलाव?" आत्याबाई म्हणाल्या. "हं, वाजवा. साल संपवायचं हाय अजून."

माझ्या तपासण्या चालू आहेत. सकाळी उपाशीपोटी गोळी आहे, ती कायमची आहे. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी विचार केला, मी परत वर्गावर आहे, पाचवी ब. गाणं आता काळी एकमध्येच असतं, आणि यंदा पुढची ओळ आम्ही दोघी म्हणणार आहोत, सासू आणि सून.